आधी कुणाचा रस्ता

अजून उजाडलंही नव्हतं आणि रस्त्यावर प्लाऊचा आवाज आला. मी अंथरुणात ताडकन उठून बसले. प्लाऊ म्हणजे पालिकेचा ट्रक, पुढे रुंद लोखंडी पातं लावलेला. ते पातं डांबरावर घासत येतं तेव्हा कुणीतरी रिकामं पातेलं फरशीवरून ओढत नेतंय असं वाटतं. या देशात इतके हिवाळे काढल्यावर त्या आवाजाचं काही कौतुक उरलेलं नाही. पण आमच्या सीडर हिलवर तो इतक्या पहाटे येत नाही. आधी खाली फ्लॅट्समध्ये, म्हणजे टेकडीखालच्या सखल वस्तीत, बर्फ निघतो, कारण तिथे कामगार राहतात. मग बसचे रस्ते, हॉस्पिटलचा रस्ता, शाळांचे रस्ते. आणि दुपारी कधीतरी, ड्रायव्हरचं जेवणबिवण झालं की टेकडीवरच्या आम्हा डॉक्टर, इंजिनिअर, वकील मंडळींची पाळी येते. मेयरबाईंनी तसा क्रमच लावून दिला आहे. त्या क्रमापायी गेल्या वर्षीच्या जानेवारीत माझा नवरा गेला असं लोक म्हणतात, आणि आज दुपारी सिटी हॉलमध्ये त्या क्रमाचा निकाल लागायचा होता. मला तिथे उभं राहून बोलायचं होतं. आणि नेमक्या आजच्याच सकाळी प्लाऊ सगळ्यांच्या आधी माझ्या दारात. खिडकीचा पडदा सारून मी पाहिलं. पिवळा दिवा गरगर फिरवत ट्रक वळणावर दिसेनासा होत होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बाईंनी मला गप्प बसवायला ट्रक पाठवला. आणि त्या विचारानं इतकं वाईट वाटलं, की मी पलंगाच्या कडेला बसूनच राहिले.

राग यायला हवा होता, तो आला नाही. वाईट वाटलं. त्याचं कारण माझ्या माहेरात आहे. माझ्या माहेरच्या गावी उन्हाळ्यात नळाला पाणी यायचं ते आधी नगराध्यक्षांच्या गल्लीत. मग त्यांच्या साडूंच्या, मग पेठेत, आणि सगळ्यांत शेवटी आमच्या आळीत, करंगळीएवढं. आई म्हणायची, आधी देव, मग नगराध्यक्ष, मग आपण. त्यात तक्रार नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं तशी ती म्हणायची. मीही तेच मनात घेऊन वाढले, भूलतज्ज्ञ झाले, लग्न करून अमेरिकेत आले, मोठ्या सरोवराच्या काठच्या पोर्ट कार्व्हरमध्ये घर घेतलं आणि ते मुद्दाम टेकडीवर घेतलं. आपल्या माणसांचं हे ठरलेलंच असतं. गावात असताना शेवटच्या आळीत राहिलो, आता पहिल्या आळीत राहू. टेकडीवर शाळा चांगली, शेजार चांगला, नळाला पाणी भरपूर आणि बर्फही सगळ्यांत आधी आमचाच निघायचा. तो आपोआपच आपला आधी निघतो असं मी धरून चालले होते. आणि मग या बाई निवडून आल्या.

ॲग्नेस कोवाच. आई लॉन्ड्रीत इस्त्री करणारी, वडील ट्रॉलीचे ड्रायव्हर. या स्वतः फ्लॅट्समधल्या शाळेत वीस-एक वर्षं भूगोल शिकवत होत्या. सरोवराचा किनारा उंच इमारती बांधायला विकायचा घाट शहरानं घातला तेव्हा त्या वर्गातला नकाशा गुंडाळून काखेत मारून सिटी हॉलमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, मुलांना मी सरोवर कुठे आहे म्हणून दाखवू? पुढच्या वर्षी त्याच बाई मेयरच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. सगळं शहर हसलं. टेकडीवर तर त्यांना कॉम्रेड ॲग्नेस म्हणायचे. त्या निवडून आल्या, अगदी निसटत्या मतांनी. कौन्सिलनं त्यांना सेक्रेटरी द्यायचंच नाकारलं तेव्हा त्या स्वतः फोन घेऊ लागल्या, आणि पुढे सेक्रेटरी मिळाली तरी रोज सकाळचा एक तास फोन स्वतः घ्यायचा हा रिवाज त्यांनी मोडला नाही. किनारा राहिला. तिथे आता कुणाचीही पोरं पाय बुडवून बसतात. हिवाळ्यात घरमालकानं हीटर बंद ठेवला तर दंड, हा कायदा आला. आणि मग त्यांनी प्लाऊचा क्रम फिरवला. ज्यांना पायी किंवा बसनं कामाला जावं लागतं त्यांचे रस्ते आधी, ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या आहेत त्यांचे शेवटी. बाईंची स्वतःची गल्ली बसच्या रस्त्यावर नव्हती, म्हणून त्या नियमानं तीही सगळ्यांत शेवटी गेली. मेयरच्या दारात संध्याकाळपर्यंत बर्फ. मी हे पेपरात वाचलं तेव्हा हसले, आणि हसताहसता गप्प झाले. सूर्य दुसरीकडून उगवला होता.

गुरुदत्तला तर त्या बाईंचं वेडच लागलं. गुरुदत्त म्हणजे माझा नवरा. पूल बांधणारा इंजिनिअर, कोल्हापूरचा, शाळेत असताना कुस्तीच्या आखाड्यात जाणारा. नागरिकत्व घेतल्यावर त्यानं पहिलं मत दिलं ते या बाईंना. प्लाऊच्या क्रमावर सिटी हॉलमध्ये सभा झाली तेव्हा टेकडीवरची मंडळी कडाकडा भांडली, आणि हा सुटाबुटात उठून माइकसमोर गेला. म्हणाला, मी सीडर हिलवर राहतो, माझ्याकडे गाडी आहे, फावडं आहे आणि दोन हात आहेत. मी थांबीन. इतकंच बोलला. घरी आला तेव्हा लग्नातल्यासारखा चेहरा झाला होता. मला म्हणाला, "कांचन, तिनं खाली उतरून शेक-हॅन्ड केला गं. माझं नावही बरोबर घेतलं." मी म्हटलं, "मग आता मार फावडं." आणि तो खरंच मारायचा. बर्फ पडला की चहा घेऊन, त्याच्या आईनं विणलेली तपकिरी माकडटोपी घालून बाहेर. आमचा ड्राइव्हवे झाला की शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस ओल्सनचा. आमची सीमा तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तिला त्या माकडटोपीची इतकी लाज वाटायची, की शाळेची बस यायच्या आत ती खिडकीतून ओरडायची, "बाबा, टेक दॅट थिंग ऑफ." तो टोपी आणखी खाली ओढायचा. नुसते डोळे दिसायचे.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या त्या रविवारी सरोवरावरून बर्फ आला. वारा नव्हता, आवाज नव्हता. नुसता पडत होता, सरळ, जाड, संथ. पृथ्वीवरची सगळी ये-जा कुणीतरी थांबवली आहे असं वाटत होतं आणि खिडकीशी उभी राहून मी ते बघत होते. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आजही, सगळं झाल्यावरही, मला ते सुंदरच आठवतं. त्याचं मी काय करू ते मला कळत नाही. गुरुदत्त मिसेस ओल्सनच्या पायऱ्यांपाशी होता. मी चहाचं आधण ठेवायला वळले आणि परत येऊन पाहिलं तर तपकिरी टोपी बर्फात होती. पुढचं मला हातांनी आठवतं. तळव्याखाली त्याची छाती. माझ्या खांद्यांतली कळ. सीमानं ॲम्ब्युलन्सला फोन केला. ॲम्ब्युलन्स टेकडीच्या पायथ्याशी आली आणि पहिल्याच चढावर रुतली. आतली माणसं शॉक द्यायच्या यंत्राची पेटी खांद्यावर घेऊन, मांडीएवढ्या बर्फातून चढत वर आली. मी ऑपरेशन थिएटरमध्ये दिवसभर घड्याळाकडे बघून काम करणारी बाई, पण त्या दिवशी किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. खूप गेला. एवढं मला नक्की कळतं, की तो फार जास्त होता.

मग लोक आले. माझी मैत्रीण नंदा पिठलं-भात घेऊन आली, कारण सुतकाच्या घरी चूल पेटवायची नाही. कुणीकुणी फ्रीमाँटहून आले, कुणी डेट्रॉइटहून. सगळ्यांनी सीमाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांनी तिला एकच सांगितलं, काही करता येण्यासारखं नव्हतं गं बाळा. डॉक्टर मंडळींनी सांगितलं, नॉन-डॉक्टर मंडळींनी सांगितलं. मी कुणालाच खोडून काढलं नाही. आणि आठवड्याभरानं एका दुपारी बेल वाजली. दारात ॲग्नेस कोवाच उभ्या. एकट्या. गाडी नव्हती, चढण पायी चढून आल्या होत्या. नाक लाल, चष्म्यावर वाफ. दाराशी आमच्या चपला-बुटांची रांग बघून त्यांनी न सांगता आपले रबरी बूट काढले आणि मोज्यांवर आत आल्या. एका मोज्याला टाचेशी वेगळ्या रंगाच्या लोकरीचं रफू होतं. त्या स्वयंपाकघरात बसल्या. नंदानं सवयीनं त्यांच्या पुढ्यातही पिठलं-भात ठेवला, आणि त्यांनी तो काही न विचारता खाल्ला, ताट स्वच्छ केलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर, गाड्यांचा क्रम मी ठरवला. खात्यानं नाही, कौन्सिलनं नाही. मी. पुढच्या हिवाळ्यातही तो तसाच राहणार आहे. हे तुम्हाला पेपरातून कळू नये म्हणून आले."

माझ्या डोक्यात नुसता गोंगाट चालला होता. मी म्हटलं, "त्या क्रमानं खाली किती जण वाचले ते तरी सांगा." म्हणजे मला त्यांच्या तोंडून काहीतरी हवं होतं. एखादी बाळंतीण, एखादं पोर, कुणीही. गुरुदत्तच्या बदल्यात काहीतरी पदरात पडलं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. म्हणाल्या, "आकडे आहेत माझ्याकडे. पण ते तुम्हाला सांगायला मी आलेली नाही. त्याचा हिशेब माझ्याकडे राहू दे. तुम्ही तो करू नका." मग उठल्या, माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, बूट चढवले आणि काहीच न बोलता निघून गेल्या. आपल्याकडे सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. त्या बाईंना ते कुठून ठाऊक असणार? पण त्या तशाच गेल्या. नंदा दाराकडे बघत म्हणाली, "बाई कशी आहे गं ही?" मला त्यांचा संताप यायला हवा होता, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. हातात सत्ता असलेल्या माणसाला मी उभ्या जन्मात पहिल्यांदाच 'मी केलं' म्हणताना ऐकत होते. माझ्या गावचे नगराध्यक्ष प्रत्येक मयताला यायचे, हार घालायचे, डोळे पुसायचे. पाण्याबद्दल कधी बोलले नाहीत.

सीमा त्या वेळी जिन्यावर बसलेली होती. बाई गेल्यावर म्हणाली, "शी किल्ड हिम अँड शी एट अवर फूड." आणि वर निघून गेली. तेव्हापासून वर्षभर आमच्या घरात त्या बाईंचं नाव निघालं नाही.

नाव पुन्हा काढलं ते मिस्टर प्रेंटिस यांनी. हे कौन्सिलचे मेंबर, टेकडीवरचेच, नोव्हेंबरमध्ये बाईंच्या विरुद्ध उभे राहणार. त्यांनी ठराव आणला, की प्लाऊचा क्रम पूर्वीसारखा करावा, आणि मला घरी येऊन अदबीनं म्हणाले, डॉक्टर, तुम्ही फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या. रस्ता साफ असता तर तुमचे पती वाचले असते का? तुम्ही स्वतः डॉक्टर आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. मी हो म्हटलं. का म्हटलं? कारण प्रश्न खरा होता. वर्षभर मी तोच स्वतःला विचारत होते, आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं.

म्हणून त्या सकाळी प्लाऊचा आवाज ऐकून मी पलंगावर बसून राहिले. जर बाईंनी माझ्यासाठी नियम वाकवला असेल तर प्रश्नच मिटला. दुपारी जायचं, हो वाचला असता म्हणायचं, घरी यायचं. बाई पडल्या तर पडल्या. पण मग तो मोजा, तो रफू, ते ताट, सगळंच खोटं होतं असं झालं असतं. मला ते सोसणार नाही असं वाटलं. गुरुदत्त गेला ते मी सोसलं होतं, पण तो ज्या माणसावर विश्वास टाकून गेला ते माणूसही आमच्या नगराध्यक्षांसारखंच निघालं असतं तर मी काय करणार होते?

खाली राजीव उठलेला होता. राजीव माझा धाकटा दीर, आजच्यासाठी मुद्दाम फ्रीमाँटहून आलेला. कॉफी ओतत म्हणाला, "वहिनी, बघितलंत का? आज बरोब्बर टायमावर प्लाऊ. पॉलिटिक्स सगळीकडे सेम असतं यार." तो म्हणाला, "तुम्ही टेन्शन घेऊ नका. जे खरं आहे तेच बोला. दादा भोळा होता, त्याला त्या बाईनं इम्प्रेस केलं. दॅट्स ऑल." राजीव वाईट माणूस नाही. भाऊ गेल्यापासून तो दर रविवारी फोन करतो. पण गेलेल्या माणसाला भोळा ठरवून टाकणं मला बोचलं. उलट, गुरुदत्तची इच्छा होती म्हणून क्रम ठेवा असं नंदाचा नवरा म्हणतो, तेही मला बोचतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी काय वाटेल ते घालता येतं. तो माझ्यापुढे उभा राहून पुन्हा म्हणेल का, मी थांबीन? ते मी गृहीत कसं धरू?

सात वाजून गेले होते. मी हॉलमधला फोन उचलला आणि सिटी हॉलचा नंबर फिरवला. एकदाच वाजला. "कोवाच," असा आवाज आला. मी नाव सांगितलं. मी म्हटलं, "आज प्लाऊ माझ्या रस्त्यावर सगळ्यांत आधी आला. तो तुम्ही पाठवलात का?"

"सगळ्यांत आधी नाही," त्या म्हणाल्या. "बसच्या रस्त्यांबरोबर. सोमवारपासून तुमच्या रस्त्यानं नऊ नंबरची बस जाते."

"आमच्याकडे बस नाही."

"आता आहे. तुमच्या वळणावर खांबही रोवला आहे. टेकडीच्या माथ्यावर म्हाताऱ्या माणसांचं नर्सिंग होम आहे ना, तिथे काम करणाऱ्या बायका खालून चढत येतात. दोन वर्षं मागत होत्या बस. कौन्सिलनं आत्ता कुठे मंजूर केली." मग म्हणाल्या, "डॉक्टर, रस्ता त्यांच्यामुळे साफ झाला. तुमच्यामुळे नाही. आणि ती बस वर्षभर आधी आली असती तर तुमचाही रस्ता साफ असता. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरी गेल्यावर तुमच्या ध्यानात येईलच, म्हणून मीच सांगते."

मी घरीच होते. पण त्यांचं म्हणणं मला कळलं. फोनमध्ये कुणाचातरी श्वास ऐकू येत होता, माझा नव्हे, त्यांचाही नव्हे. वरच्या खोलीतला दुसरा फोन कुणीतरी उचललेला होता. मी विचारलं, "आज दुपारी मी काय बोलू?" हे मी त्यांना का विचारावं, विरोधकांच्या साक्षीदारानं? पण विचारलं.

"झालं ते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. वरचाही फोन हळूच खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

दुपारी राजीव गाडी गरम करायला गेला. मी म्हटलं, तू सीमाला घेऊन ये, मी बसनं येते. त्याला वाटलं, वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला. मी कोट घातला आणि वळणापर्यंत चालत गेले. खरंच खांब होता, निळी पाटी, नऊ. रोज त्याच्या समोरून मी गाडी घेऊन जात होते. बस वरून आली ती जवळजवळ भरलेली. सकाळच्या पाळीच्या बायका परत निघाल्या होत्या. पांढरे बूट, मांडीवर डबे, डोळे मिटलेले. एकीनं पिशवी उचलून मला जागा दिली. मी विचारलं, आधी कशा येत होता? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "चालत, हनी. घसरत." तेवढं बोलून तिनं डोकं खिडकीला टेकलं. आम्ही घर घेतल्यापासून अकरा वर्षं त्या माझ्या खिडकीखालून गेल्या असणार. रस्ता, ओकची झाडं, मिसेस ओल्सनच्या पायऱ्या, सगळं मला पाठ होतं, आणि ह्या बायका मला दिसल्याच नव्हत्या. मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं. लहानपणी आजोबांनी दाखवलेल्या आकाशातल्या तारका एकदा दिसल्या की पुन्हा न दिसणं शक्य नसतं, तसं काहीसं. ही सगळी माणसं आधीपासून होतीच. कुणीतरी एका बाईनं भूगोलाच्या मास्तरणीसारखी नकाशावर छडी ठेवून ती दाखवली होती.

सिटी हॉलची सभा खच्चून भरली होती. टेकडीवरची मंडळी डावीकडे, फ्लॅट्सची उजवीकडे. मेयरबाई मधल्या उंच खुर्चीत. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती विनवणी ठरली असती, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. सीमा राजीवजवळ बसलेली होती, मान खाली. माझं नाव पुकारलं. मी गुरुदत्त उभा होता त्याच माइकशी जाऊन उभी राहिले. माइक मला उंच होता. तो कुणीतरी खाली केला.

मिस्टर प्रेंटिस यांनी प्रश्न विचारला, अगदी ठरल्याप्रमाणे. मी उत्तर दिलं. "हो. वाचण्याची शक्यता होती. चांगली शक्यता होती. ॲम्ब्युलन्समध्ये जे यंत्र होतं ते वेळेवर पोचलं असतं तर माझा नवरा आज बहुतेक जिवंत असता." मोठ्यानं ते मी पहिल्यांदाच म्हणत होते. वर्षभर छातीत अडकलेलं वाक्य बाहेर पडलं. प्रेंटिस म्हणाले, थँक यू डॉक्टर, दॅट विल बी ऑल. मी म्हटलं, "माझं संपलेलं नाही."

मग मी काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. मी बसबद्दल बोलले. म्हटलं, क्रम बदलल्यापासून माझ्या रस्त्यावर आज पहिल्यांदा सकाळी प्लाऊ आला, कारण तिथून आता बायका कामाला जातात. मी म्हटलं, "तुम्ही क्रम उलटा केलात तर उद्या माझ्या जागी खालची कुणीतरी बाई नवऱ्याच्या छातीवर हात दाबत बसेल. तिला कदाचित कसं दाबायचं तेही माहीत नसेल. मला ते नको. मला माझा नवरा हवा आहे. तो तुमच्यापैकी कुणीच देऊ शकत नाही, मिस्टर प्रेंटिस. मेयरही देऊ शकत नाहीत. रस्ते मात्र देता येतात. ते आहेत तसे राहू द्या." आणि मी जागेवर जाऊन बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. बरं झालं. मी मान वर करून पाहिलं तर मेयरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि त्या समोर कुठेही न बघता बसल्या होत्या. त्या क्षणी त्या फार थकलेल्या आणि म्हाताऱ्या दिसल्या. एका माणसानं एवढं सगळं एकट्यानं उचलून रोज सकाळी फोनपाशी येऊन बसायचं म्हणजे काय, ते मला प्रथमच दिसलं, आणि माझं मन त्यांच्यापुढे आपोआप वाकलं. ठराव पडला, थोडक्यात पडला. नोव्हेंबर अजून यायचाच आहे आणि प्रेंटिस जिंकले तर पुन्हा आणतील. ते आणतीलच.

बाहेर पडेपर्यंत राजीव सीमाला घेऊन गाडीकडे गेला होता. जाताना म्हणाला, "वहिनी, हे काय केलंत? दोन्ही बाजूंनी बोललात." सीमा माझ्याकडे न बघता चालत राहिली. मी त्यांना थांबवलं नाही. मी बसच्या खांबाशी उभी राहिले. अंधारायला लागलं होतं आणि पुन्हा बर्फ सुरू झाला होता, तसाच, सरळ, संथ. संध्याकाळच्या पाळीच्या बायका चढल्या. टेकडीच्या पायथ्याशी बस थांबली, कारण पुढे प्लाऊ होता, पिवळा दिवा फिरवत रस्ता मोकळा करत चाललेला, आणि बस त्याच्या मागोमाग हळूहळू चढू लागली. ॲम्ब्युलन्स रुतली होती ती जागा आली. मी डोळे मिटले नाहीत. चाकं त्या जागेवरून सहज निघून गेली. मला रडू आलं. शेजारच्या बाईनं कागदी रुमाल पुढे केला आणि काही विचारलं नाही.

आमच्या वळणावर दार उघडलं. खांबाखाली कुणीतरी उभं होतं. डोक्यावर, खांद्यांवर बर्फ साचलेला, आणि नुसते डोळे दिसत होते. तपकिरी माकडटोपी होती. मग ती टोपी म्हणाली, "मॉम."

"सीमा? किती वेळची उभी आहेस?"

"आय डोन्ट नो. बस किती वाजता येते मला माहीत नव्हतं." वर्षभरात ती माझ्याशी मराठीत बोलली नव्हती. मी टोपीवरचा बर्फ झटकला. तिनं ती काढली नाही, उलट आणखी खाली ओढली. आम्ही चालायला लागलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "एव्हरीबडी सेड नथिंग कुड बी डन. सगळे काका, सगळ्या काकू. मला माहीत होतं ते खोटं आहे. मी फोन केला होता ना. आय वॉज काउंटिंग द मिनिट्स." ती थांबली. "यू सेड इट."

"खरंच होतं ते."

"आय नो." मग नाक पुसत म्हणाली, "आय स्टिल डोन्ट लाइक हर."

"नको आवडून घेऊस," मी म्हटलं. "बाबाही काही ती आवडायची म्हणून रोज एवढं फावडं मारत नव्हता." आणि ते म्हणताना मला कळलं, की हे मी गुरुदत्तच्या तोंडी घातलेलं नव्हतं, हे मला ठाऊकच होतं.

रस्ता मधोमध काळा, स्वच्छ, ओला होता. पण प्लाऊ रस्ता साफ करतो तेव्हा सगळा बर्फ बाजूला सारून नेमका लोकांच्या दारात टाकतो. आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेएवढा ढीग होता, मिसेस ओल्सनच्या तोंडाशी तेवढाच. राजीवची गाडी बाहेरच अडकली होती आणि तो हात चोळत तिच्यात बसला होता. मी गॅरेजमधून दोन फावडी आणली. सीमा आमच्या ढिगाशी थांबली नाही, सरळ मिसेस ओल्सनच्या पायऱ्यांकडे गेली. मी जराशी घाबरले, मग तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "हळूहळू मार. थांबत थांबत. घाई नाही."